आप्पांची नळी आणि साडेअकराचा फोन

रुपे, हातातलं सगळं खाली ठेव आणि ऐक, आज काय झालंय! निगडीच्या स्टॉपवरून बोलतेय, बस येईपर्यंत सांगते.

नाही, थांब. एकदम आजचं सांगितलं तर तुला काही कळणार नाही. आधी मागचे किस्से ऐकावे लागतील. तू दापोडीची खोली सोडून नाशिकला गेलीस ना, तेव्हापासून नुसते साठत चाललेत. आधी कसं, ड्युटीवरून आले की चपला काढता काढता तुला सांगून मोकळी व्हायचे. आता खोलीत आहे कोण? परवा मी कुकरला सांगत होते! त्याने मधेच शिट्टी मारली, म्हटलं, चला, कोणीतरी ऐकतंय!

तर माझा पेशंट. निगडी प्राधिकरणात, दुसरा मजला. आप्पा आणि काकू, दोघंच. आप्पा चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले. मग पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं गेलं, गिळणं गेलं. नाकातून पोटात नळी. दूध, डाळीचं पाणी, औषधं, सगळं सिरिंजने त्या नळीतून. मुलगा, संदीपदादा, जर्मनीत. रोज आपल्या साडेअकराला त्याचा व्हिडिओ कॉल. आणि नर्सिंग ब्यूरोकडून मी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

दहा तास गं! आप्पांना बोलता येत नाही, काकूंची बोलायची सवय गेलीय. त्या घरात सगळ्यात जास्त आवाज फ्रिजचा येतो!

*

पहिल्याच दिवशी किचनमधून ठक-ठक, ठक-ठक! मला वाटलं, चटणी चाललीय. जाऊन बघते तर काकू आप्पांच्या सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदम खलबत्त्यात कुटतायत! लसणाच्या खलबत्त्यात! आणि ती पूड दुधात घालून ढवळतायत.

मी म्हटलं, "काकू, असं नाही! एकेक गोळी वेगळी. बारीक पूड, पाण्यात विरघळवायची, नळीत सोडायची. मग नुसतं पाणी. मग दुसरी गोळी. आणि दुधात तर मिसळायचीच नाही."

"पोटात जाऊन एकच व्हायचं न्हाई का?"

"पोटात होऊ दे, नळीत नको!"

पण आदल्या दिवशीचं मिश्रण नळीत बसलेलंच होतं. नळी गच्च! कोमट पाणी, हळूच ढकल, हळूच ओढ, पाऊण तास मी तेच करत होते. काकू पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी पाणी सुटलं एकदाचं.

काकूंनी श्वास सोडला. "आमच्या मोरीगतच हाय की गं हे!"

*

दुसऱ्यांदा नळी चोक झाली तेव्हा गायकवाडभाऊ आले होते. आप्पांच्या शेजारच्या मशीनवर काम केलेले. आप्पांच्या उशाशी बसून माझी खटपट बघत होते.

"कॉम्प्रेसर नाय का तुमच्याकडं?"

"कशाला भाऊ?"

"अगं, कंपनीत कूलंटची लाइन चोक झाली की आम्ही एअर मारायचो. एका मिनिटात मोकळी!"

"भाऊ, ह्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला आप्पा आहेत!"

"बरं मग, बारीक वायर घालू का?"

त्यांना हॉलमध्ये पाठवलं आणि दार लावून घेतलं!

पण माणूस हौशी. पुढच्या आठवड्यात चक्क लॅमिनेट केलेला चार्ट घेऊन आले, कंपनीत मशीनवर लावतात तसला. डोकं वर करा, नाकाजवळची नळीची खूण बघा, पाणी सोडा, औषध, पाणी. खाली सह्यांसाठी तीन चौकोन : 'तयार केले', 'तपासले', 'मंजूर'. पहिली सही माझी, दुसरी काकूंची.

"आणि मंजूर?" मी विचारलं.

"ते आप्पाच करणार! ह्याच्या सहीशिवाय लाइनवरून एक पार्ट पुढं गेला नाय कधी."

आप्पांच्या डाव्या हातात पेन दिलं. त्यांनी ओढली कशीबशी रेघ. वाकडी, चौकोनाच्या बाहेर गेली. गायकवाडभाऊ त्या रेघेकडे बघत बसले. मग म्हणाले, "गाडी रस्त्यातच लावलीय खाली," आणि निघाले.

परत आलेच नाहीत गं ते.

*

काकू डाळीच्या पाण्यात मीठ घालून आधी स्वतः चव बघतात. मी एकदा सांगितलं, "काकू, नळीतून चव नाही कळत."

"म्हणून काय अळणी पाजू व्हय?"

मी सिरिंज भरायला घेतली!

आणि ती एक गोळी आहे ना, कडूजहर, मी कुटायला लागले की म्हणाल्या, "ही खाताना लई तोंड वाकडं करायचे. मी मागनं गुळाचा खडा द्यायची." आणि सवयीने गेल्या, डब्यातून गूळ काढला, आणि खडा हातात घेऊन आप्पांच्या पलंगाशी येऊन थांबल्या. आप्पा बघतायत, ह्या बघतायत. मग तो खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

मी कुठे औषध घेतलं होतं? पण खाल्ला गं. काय करणार!

*

मग तो मागच्या महिन्यातला रविवार. माझी सुट्टी. ब्यूरोची बदली पोरगी आलीच नाही. काकूंनी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल उघडली, आतले बारीक दाणे दुधात टाकले आणि सोडले नळीत. नळी अशी बसली की हॉस्पिटलमध्ये नेऊन बदलावी लागली!

सोमवारी साडेअकराला संदीपदादा एकदम शांत. शांत बोलला ना, की जास्त भीती वाटते. "आई, आता अजून एक चूक तुझ्याकडून झाली, तर बाबांना तळेगावच्या सेंटरला ठेवायचं. मी बेड बघून ठेवलाय. रविवारी भेटता येतं." मग मला म्हणाला, "आणि सिस्टर, चूक तुमच्याकडून झाली तर मी सरळ ब्यूरोला कळवणार." ब्यूरोचं तुला माहितीय. औषधात गडबड झाली की लिस्टमधून नाव कट!

फोन ठेवल्यावर काकू हसायलाच लागल्या. "माझं म्हायेर तळेगावचं. भांडण झालं की हे म्हणायचे, म्हायेरी धाडीन. आता पोरगं ह्यांनाच माझ्या म्हायेरी धाडतंय!"

हसल्या, आणि एकच टॉवेल तीनदा घडी केला.

*

हां, तर आज.

बस चिंचवडला बंद पडली. पोचले तेव्हा नऊ वाजून गेलेले, आणि औषधं साडेआठची! धापा टाकत वर गेले तर काकूंनी दार उघडलं. केस विंचरलेले, चेहरा एकदम खूश.

"दिली मी औषधं! डोकं वर करून, एकेक वेगळी, मधी मधी पाणी सोडून. सगळं तू शिकवल्यागत!"

आणि खरंच गं! सिरिंज धुऊन वाळत टाकलेली. आप्पा नीट टेकून बसलेले. मला इतकं भारी वाटलं! मी म्हटलं, "काकू, आता माझी गरजच नाही तुम्हाला!"

दहाच्या सुमाराला आप्पांचा हात हातात घेतला. गार. कपाळावर घाम. बीपी लावलं, ऐंशी-पन्नास!

मी पळत कचऱ्याच्या डब्याकडे. औषधांचे कागद वर काढले. बीपीची जुनी गोळी! दिवसभर हळूहळू विरघळणारी. ती कुटायचीच नसते, कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात. म्हणून तर डॉक्टरांनी ती बंद करून साधी दिली होती.

"काकू, ही टाकून द्या म्हटलं होतं ना!"

त्या खुर्चीत बसल्या. "न्हाई टाकवली. बारा वरसं ही गुलाबी गोळी मी ह्यांच्या हातावर ठिवली. तेवढी एकच मला न वाचता वळखू येती."

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. पाय वर, सलाईन, दर दहा मिनिटांनी बीपी. अजून खाली गेलं तर अ‍ॅम्ब्युलन्स, म्हणाले. नव्वद. पंच्याण्णव. सव्वाअकराला शंभर! "वेळेत कळलं," म्हणाले. "आज-उद्या सतत लक्ष ठेवा. आणि मुलाला कळवा." आणि खाली गेले.

आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना. आप्पा जागे. आणि फोन वाजला.

काकूंनी माझं मनगट धरलं. "प्रज्ञा, तुझ्याकडनं झालं म्हणून सांग."

"काकू, माझं काम जाईल."

"तुला दुसरा पेशंट मिळंल गं पोरी. मला दुसरा नवरा कुठनं मिळायचा?"

फोन वाजतोय. आप्पा एकदा त्यांच्याकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. काकूंनी हिरवं बटण दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"सिस्टर, बाबांना सलाईन कशाला लावलंय? सकाळची औषधं कोणी दिली?"

रुपे, खरं सांग. तू असतीस तर काय म्हणाली असतीस?