भाऊंचा रुसलेला कॉम्प्युटर

"आधी हे सांगा, रुसलं कोन हाय?"

लग्नपत्रिका छापायला आलेल्या माणसाला भाऊ पहिल्यांदा हेच विचारायचे. मुलीचं नाव नाही, तारीख नाही. गिऱ्हाईक जरा लाजायचं, मग कबूल करायचं की धनजचे मोठे काका शेताच्या बांधाच्या भांडणावरून बोलत नाहीत. भाऊ मान डोलवायचे आणि त्या काकांचं नाव निमंत्रकांत सगळ्यात वर टाकायचे. लग्नाच्या दिवशी काका मांडवात खुर्च्या लावताना दिसायचे.

शेलूबाजारात रस्त्याच्या एका बाजूला भाऊंचं दुकान, दुसऱ्या बाजूला माझं. धंदा एकच, पत्रिकांचा. मला त्यांचा हेवा वाटायचा. तुम्ही मला हलकट म्हणाल, म्हणा. पण आधी स्वतः दुकान टाका, समोरच्या दुकानात गर्दी होऊ द्या, मग आपण बोलू.

माझा कॉम्प्युटर नवाकोरा, एकेक भाग निवडून जुळवलेला. काचेचा डबा, आत निळे दिवे. भाऊंचा डबा पिवळा पडलेला आणि त्याचा पंखा असा घरघरायचा की मला माझ्या खुर्चीत ऐकू यायचा. तरी लोक दिवे बघायला माझ्याकडे यायचे आणि पत्रिका करायला त्यांच्याकडे जायचे.

कहर झाला तो माझ्याच मुलीच्या लग्नात. तिची पत्रिका मी मनातल्या मनात कधीच मांडून ठेवली होती. तर आई म्हणाली, "पत्रिका भाऊकडूनच होईन."

"मंग मी कायले हावो?"

"तुले नावं समजतात, बापू. रुसवे समजत नाहीत."

आणि ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. समोर बसून भाऊंना नावं सांगणारी माझी आई मला माझ्या दुकानातून दिसत होती. इतका जळफळाट मला कधी झाला नव्हता.

पण देव आहे. दोनच दिवसांनी भाऊंचा कॉम्प्युटर बंद पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आता पत्रिका झक मारत माझ्याकडे येणार होती. संध्याकाळी भाऊच दारात उभे.

"जुनाच सुधरवू का नवा बनवू, सांग गड्या. तुले समजते त्यातलं."

"नवा," मी म्हणालो. विरलेल्या धोतराला किती ठिगळं लावणार? सल्ला खराच होता. त्यात नव्यावर भाऊंचा हात बसेपर्यंत मुलीची पत्रिका मला मिळत होती, हा वरचा फायदा.

जुना डबा घेऊन आम्ही वाशीमला गेलो. दुकानदारानं नव्या कॉम्प्युटरचे भाग टेबलावर मांडले. भाऊंनी खिशातून बोटभर लांबीची एक डबी काढली. त्यांचं जुनं मराठी टायपिंग ती डबी मागे खोचल्याशिवाय उघडतच नसे.

"हे कुठी बसते याच्यात?"

कुठंच बसत नव्हती. नव्यात तशी खाचच नव्हती. दुकानदार म्हणाला, "फेका ते काका. नवं टायपिंग शिकून घ्या."

"शिकतो ना. पन बोटं नवे कुठून आनू?" भाऊंनी पिवळ्या डब्यावर हात ठेवला. "तू आधी हे पाह्य, याच्यातलं रुसलं कोन हाय."

दुकानदार हसला, पण त्यानं डबा उघडला. वीज पुरवणारा भाग तेवढा जळाला होता. तो बदलला, रॅम वाढवली, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवून घेतलं, घरघरणारा पंखाही काढून दुसरा बसवला. परतताना जीपमध्ये भाऊ तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी तो माझ्या नव्याइतकाच चटकन सुरू झाला. समोरून घरघर येईना, त्याचाही मला राग आला.

चार दिवसांनी पत्रिका आली. मी चूक शोधायलाच बसलो. अनसिंगची आत्या आमच्याशी बोलत नव्हती. तिचं नाव सगळ्यात वर. काका, मामा, कोणी सुटलं नव्हतं. वाचत वाचत तळाशी आलो. छापणाऱ्याचं नाव असतं ना बारीक अक्षरांत, तिथं माझ्या दुकानाचं नाव होतं.

मी तावातावानं रस्ता ओलांडला. "हे काय भाऊ?"

"तुह्या मायले इचारलं होतं मी, रुसलं कोन हाय. म्हने, एक आत्या हाय, अन् एक माहा पोरगा हाय."

त्यांनी चहा मागवला, मी निमूटपणे प्यालो. आत्या हळदीच्या आदल्या दिवशीच आली.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. आता सगळी गिऱ्हाईकं माझ्याकडेच येतात. माझ्या टेबलाच्या काचेखाली ती पत्रिका ठेवली आहे, आणि येणारा प्रत्येक जण तिच्यावरच बोट ठेवतो. "अशीच करून द्या. तुमीच केली ना? नाव तं तुमचंच हाय."

पोटात अजून दुखतं. पण मी मान हलवून नाही म्हणतो, आणि समोरचं बंद शटर दाखवतो.