विझत्या दिव्यांचा नियम

जपानमधल्या मारुगामेच्या बाजारपेठेत, उदोन शेवयांच्या दुकानाच्या डोक्यावर, हामाओकाचं पत्त्यांचं दुकान आहे. तिथल्या भिंतीवर दर हंगामाला एक मोठा कागद लागतो. नव्या पत्त्यांची नावं, पुढे दहापैकी गुण, आणि एका ओळीचा शेरा. अक्षर गोल, एकसारखं, शाळेच्या जेवणाच्या तक्त्यावर असायचं तसंच. ते असणारच, कारण ते तोकुनागा साये हिचं अक्षर. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहार ठरवण्याचं काम केलं. 'धुक्यातली बेटं' हा खेळ ती निवृत्त झाल्यावर शिकली. भाचीसाठी हौसेने पत्त्यांचं पाकीट आणलं, भाचीने नाक मुरडलं, आणि विकत आणलेली वस्तू पडून राहू देणं सायेच्या स्वभावात नव्हतं.

खेळ तसा सरळ. प्रत्येकाच्या बेटावर वीस दिवे. प्रत्येक पाळीला, म्हणजे 'वळणाला', पत्ते टाकून समोरच्याचे दिवे विझवायचे, आपले राखायचे. ज्याच्या बेटावर अंधार, तो हरला. पत्ते मात्र शेकडो, आणि दर हंगामाला साठ नवे, सोबत एखादा नवा नियमही. छापण्याआधी कंपनी ते चार दुकानांत चाचणीला पाठवते. पत्ते कसले, कागदाच्या पट्ट्या! त्या कापायच्या, जुन्या पत्त्यांवर ठेवून प्लास्टिकच्या खोळीत सरकवायच्या, तीन आठवडे खेळायचं आणि गुण कळवायचे. दर बुधवारी दुपारी सायेचं टेबल त्यासाठी राखलेलं असे. तिला हे काम नवं वाटलंच नाही. शाळेत मुलं जेवायच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकांना ताट जातं. त्यांनी चाखून वहीत लिहिलं की मगच मुलांची ताटं निघतात. आपण न चाखलेलं मुलांना वाढायचं नाही, एवढा एकच धर्म सायेने आयुष्यभर पाळला होता.

पण गेले दोन हंगाम तिची जीभच बिघडल्यासारखी झाली होती. 'मिठागरवाली'ला तिने नऊ गुण दिले, तर स्पर्धांमध्ये त्या बिचारीला कुणी हातात धरेना. 'चिंचोळी खाडी'ला तीन दिले, तर तिने असा धुमाकूळ घातला की कंपनीला तिच्यावर बंदी घालावी लागली. शेवटी कंपनीचं पत्र आलं. हामाओकाने ते दोन दिवस गल्ल्याखाली दडवलं आणि तिसऱ्या दिवशी, मान खाली घालून, तिच्यापुढे ठेवलं. पत्रात खूप आभार होते. आभार संपल्यावर लिहिलं होतं की याही वेळी गुण चुकले, तर चाचणीचं टेबल दुसऱ्या गावी हलवावं लागेल.

"तोकुनागासान, मनावर घेऊ नका," हामाओका म्हणाला. "कंपनीवाल्यांना काय कळतंय?"

"त्यांना आकडे कळतात," साये म्हणाली. "आणि आकडे बरोबर आहेत."

साये घरी निघाली. टेबल जाईल याचं दुःख होतंच, पण खरी भीती निराळी होती. सायेची आई सत्तराव्या वर्षी विसरायला लागली होती. आधी भातात पाणी किती ते विसरली, मग मुलीचं नाव. साये आता अडुसष्टची. ती कुणाला न सांगता दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आकडे उलटे म्हणवून घेतले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच वस्तू दाखवून झाकल्या. तीसपैकी एकोणतीस गुण.

"एक कुठे गेला?" सायेने विचारलं.

"आज वार कोणता ते चुकलात. मंगळवार आहे, तुम्ही बुधवार म्हणालात."

"मी बुधवारचीच वाट बघत असते," साये पुटपुटली.

म्हणजे डोकं शाबूत होतं. मग चूक कुठे होती? बसमध्ये बसल्या बसल्या तिला फार जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी मुख्याध्यापक रोज वहीत 'उत्तम' लिहीत आणि मुलं मात्र रस्सा तसाच परत पाठवत. सायेने एक दिवस मुकाट्याने ताटांची अदलाबदल केली आणि पाहिलं, तर आचारी साहेबांच्या वाटीत मटणाचे तुकडे वेचून घालत होता. साहेबांची जीभ चांगली होती. त्यांच्या पुढ्यात येत होतं ते ताट वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तिच्यासमोर कुझुया बसला होता. कुझुया बत्तीस वर्षांचा, बंदरावर यारी म्हणजे क्रेन चालवणारा, खांदे दारात न मावणारे. दुकानातला सगळ्यात खुनशी खेळाडू असा त्याचा लौकिक, पण सायेला तो आदराने 'सेन्सेई', म्हणजे 'बाई', म्हणे. सायेने 'दीपस्तंभाची म्हातारी' मांडली. नवा पत्ता: ज्या वळणाला तुम्ही हल्ला करत नाही, त्या वळणाला म्हातारी दोन दिवे पुन्हा पेटवते. तीन आठवडे ही म्हातारी काही केल्या हरत नव्हती, आणि सायेच्या कागदावर तिच्यापुढे नऊ गुण पडलेही होते. आजही म्हातारीने शांतपणे दिवे लावले, आणि अकराव्या वळणाला साये जिंकली.

"वा, सेन्सेई! काय खेळलात!" कुझुया हातातले पत्ते गड्डीत मिसळायला निघाला.

सायेने त्याच्या पंजावर आपला हात ठेवला. समोरच्याच्या हातातले पत्ते उघडून पाहणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणंच. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

"उघड."

"सेन्सेई, अहो, डाव संपला की..."

"कुझुया, उघड म्हटलं ना."

त्याने पत्ते उताणे केले. तीन वादळं. एकेक वादळ म्हातारीला दीपस्तंभासकट समुद्रात बुडवणारं.

"कधीपासून आहेत हातात?"

कुझुयाचे कान लाल झाले. "दुसऱ्या वळणापासून."

"आणि मागच्या हंगामात? 'चिंचोळी खाडी' माझ्याविरुद्ध कुणीच का टाकली नाही?"

जो तो आपापले पत्ते चाळू लागला. शेवटी हा यारीवाला गडी चौथीतल्या पोरासारखा खाली बघत म्हणाला, "सेन्सेई, सहा वर्षं तुमच्या हातचं जेवलोय. मी गाजर खात नव्हतो, तर तुम्ही त्याची फुलं कापून घालायचात. तुमचे दिवे विझवायला हातच उचलत नाही. मी एकटा नाही, इथे निम्मे तुमच्याच शाळेचे आहेत."

साये चिडली. तिचा राग गावाला माहीत होता, पण असा चढलेला फार वर्षांत कुणी पाहिला नव्हता. "म्हणजे दोन हंगाम तुम्ही मला आजाऱ्याचं अळणी जेवण वाढलंत! आणि मी रात्र रात्र जागून म्हणतेय, माझी चव गेली, मी आईच्या वाटेने चालले!" तिने बार्ली चहाचा घोट घेतला, आणि रागाच्या तळाशी तिला चक्क हसू सापडलं. चव गेली नव्हती. काही म्हणजे काही गेलं नव्हतं.

"पत्ते पिस," ती म्हणाली. "आणि आता हातचं राखलंस, तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही."

कुझुयाने लवून नमस्कार केला आणि खेळला. तिसऱ्या वळणाला म्हातारी बुडाली. चौथ्याला धुक्यातून चाचे घुसले. पाचव्याला सायेच्या वीसपैकी चार दिवे उरले. तेवढ्यात हामाओका हळूच म्हणाला, "तोकुनागासान, तुम्हाला जादा पत्ता घ्यायचाय."

तेव्हा कुठे तिला नवा नियम आठवला. ज्याचे पाचपेक्षा कमी दिवे उरतील, त्याने दर वळणाला एक पत्ता जादा घ्यावा. कागदावर या नियमापुढे तिने लिहून ठेवलं होतं: 'दोन गुण. उगाच लाड. काढून टाकावा.' आणि लिहिणार नाही तर काय? तीन आठवड्यांत तिचे दिवे पाचाखाली कधी कुणी येऊच दिले नव्हते.

तिने जादा पत्ता उचलला. पुढच्या वळणाला आणखी एक उचलला. हात भरला तशी डोळ्यांसमोरची बेटंही तिला पुन्हा दिसू लागली. तिने एक देवमासा आडवा घातला, चाचे परतवले, कुझुयाचे बारा दिवे एका झपाट्यात विझवले. कुझुया आता घामाघूम झाला होता आणि सेन्सेई वगैरे सगळं विसरला होता. नवव्या वळणाला त्याने दात आवळून शेवटचं वादळ टाकलं आणि सायेचं बेट अंधारात गेलं. त्याच्याकडे एकच दिवा उरला होता.

मग त्याला समोर कोण बसलंय ते आठवलं. "माफ करा, सेन्सेई!" त्याचं कपाळ टेबलाला टेकलं.

"आजची कसली माफी मागतोस? मागायची तर मागच्या दोन हंगामांची माग," साये म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. "आज किती दिवसांनी पोटभर जेवले."

शुक्रवारपर्यंत कागद पाठवायचा होता. दोन दिवस दुकानात रोज टेबल लागलं आणि सायेने साठही पत्ते नव्याने चाखले. सतरा डाव हरली, चार जिंकली. मग तिने म्हातारीचे नऊ खोडून चार केले. नियमापुढचे दोन खोडून तिथे नऊ लिहिले, आणि शेरा बदलला: 'नियम ठेवावा. चार दिवे उरलेला माणूस काय करू शकतो, हे चाचणी करणारीने स्वतः खेळून पाहिले आहे.'