हरेश्वरनं सांगितलेला पिक्चर

नलिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या बाजारात वांगी निवडत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे गेले?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. परवाच तर हरेश्वर माझ्या ओट्यावर बसून, रावस चांगला की दाढा चांगला, यावरून तावातावानं भांडून गेला होता. सांगोल्याकडच्या माणसानं मासळीबद्दल तोंड उघडू नये, असं जाताना मला बजावूनही गेला. आणि आज सकाळी बेटेगावच्या घरामागे अळूला पाणी घालता घालता खाली बसला आणि संपला. ना आजार, ना दवाखाना. मला रडू आलं नाही, राग आला. भांडण अर्धवट टाकून असं कुणी जातं का? वांगी तराजूतच टाकून मी रिक्षात बसलो, मागून भाजीवाला हाका मारत होता.

हरेश्वर मूळचा दातिवऱ्याचा. घरची होडी थोरल्या भावाकडे गेली आणि हा तारापूरच्या कारखान्यांत फिटर झाला. मीही पोटामागे इकडे आलेला, दुसऱ्या कारखान्यात. आमची गाठ पडली ती कामावर नव्हे, पिक्चरमध्ये. बेटेगावात पत्र्याच्या एका गाळ्यात तो दर रविवारी दुपारी व्हिडिओ लावायचा. पुढे ताडपत्री, आणि तिच्यावर चाळीस-पन्नास कामगार. कुणी खानदेशातला, कुणी बिहारचा, कुणी डोंगरातल्या पाड्यावरचा. पिक्चर ठरलेले, कुंग फूचे. जळालेला मठ, मारला गेलेला गुरू, पाण्याचे हंडे घेऊन पायऱ्या चढणारा शिष्य, जुलमी सरदार आणि शेवटी सूड. आठवडाभर सुपरवायझरच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं? बंड पडद्यावर व्हायचं आणि मुठी आमच्या वळायच्या. सोमवारी गेटवर कार्ड पंच करताना त्याच मुठी निमूट उघडायच्या, हा भाग वेगळा.

अडचण एकच होती. त्या कॅसेटी इंग्रजी बोलायच्या, आणि तेही असं की ओठ बंद झाले तरी वाक्य चालूच. आमच्यात इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं? मग हरेश्वर हातात काठी घेऊन टीव्हीशेजारी उभा राहायचा आणि गोष्ट सांगायचा. आपल्या गावच्या बोलीत, बिहारी मंडळींसाठी मधेच मोडक्या हिंदीत. "हा बगा, हा म्हातारा हाय ना, हा शिपू. आता मरंल हा." प्रत्येक पिक्चरमध्ये एक शिपू असायचाच आणि अर्ध्या तासात मरायचाच. या चिनी लोकांना दुसरं नावच सुचत नाही का, अशी आमची चर्चा व्हायची. शिपू म्हणजे नाव नव्हे, गुरुजी, हे मला माझ्या लेकीनं वीस वर्षांनी सांगितलं. तोवर आम्ही हरेश्वरलाच शिपू म्हणून मोकळे झालो होतो.

बाकीच्या कॅसेटी भाड्याच्या. एक मात्र त्यानं विकत घेतली होती, ती दोन-तीन महिन्यांतून एकदा लागायचीच. तिची गोष्ट अशी. सरदार गुरूला बिनहत्याराचा लढायला धाडतो आणि गुरू मरतो. दरबारात शिष्याला उभं करतात. तो भीतीनं खोटं सांगतो की तलवार दिली होती, गुरूनंच ती घरी ठेवली. सरदार सुटतो. शिष्य गाव सोडून डोंगरात जातो, अंग कमावतो, सरदाराचा सूड घ्यायला परत येतो, आणि वाटेत एक बाई हात जोडून त्याच्यापुढे उभी राहते. "ही शिपूची बायको," हरेश्वर सांगायचा. "ती इचारते, खरं सांग, माज्या नवऱ्याला तलवार दिली होती का नव्हती?" गाळ्यात चिडीचूप व्हायचं. पडद्यावरचा शिष्य मान खाली घालून दोन-तीन शब्द बोलायचा, आणि ते दोन-तीन शब्द हरेश्वर दरवेळी वेगळे सांगायचा. कधी, "नव्हती, वैनी. मी खोटा बोललो." कधी, "मी भ्यालो." कधी नुसतं, "मला मारा." एकदा तर तो काहीच बोलला नाही, काठी टेकून तसाच उभा राहिला. मागून एक बिहारी ओरडला, "अरे शिपू, क्या बोला वो?" तेव्हा म्हणाला, "टेपचा आवाज गेला." आवाज तर चांगला खणखणीत येत होता...

मी त्याला छेडायचो. अरे, कॅसेट तीच, बाई तीच, तुझं मराठी का बदलतं? तो म्हणायचा, "अजून नीट जमत नाय रे." मला वाटायचं, इंग्रजीबद्दल बोलतोय.

त्या बाईनं माझं मात्र चांगलंच नुकसान केलं. आमच्या खात्यात वाफेची नळी फुटून एकाचा हात भाजला. साहेबांनी आम्हा चौघांपुढे कागद सरकवला की हातमोजे दिले होते, त्यानं घातले नाहीत. हातमोजे आम्ही जन्मात पाहिले नव्हते. तिघांनी सही केली. माझ्याही हातात पेन होतं, खोटं कशाला सांगू, मी सही करणारच होतो. पण डोळ्यांपुढे ती हात जोडलेली बाई आली आणि मी पेन ठेवलं. मला स्टोअरमध्ये टाकलं ते रिटायर होईपर्यंत. मी मोठ्या फुशारकीनं हे हरेश्वरला सांगायला गेलो, तुझ्या पिक्चरनं मला वाचवलं म्हणून. चहा तसाच सोडून तो उठून गेला आणि पुढचे दोन रविवार गाळ्याला कुलूप होतं. मी समजलो की माझी बढती गेल्याचं त्याला वाईट वाटलं. माणूस किती बैल असू शकतो, याचा मी नमुनाच आहे.

पुढे घरोघरी केबल आली, गाळा बंद झाला, आम्ही दोघंही पिकलो. त्याच्या दहाव्याला दातिवऱ्याला किनाऱ्यावर सगळे जमले होते. एक म्हातारी बाई एकटी लांब बसली होती. कुणाशी बोलली नाही आणि कावळा शिवल्यावर उठून चालू लागली. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मनोरच्या सुमनकाकू. हे दर मे महिन्यात त्यांच्या घराची कौलं चाळायला, पावसाआधी नीट बसवून द्यायला जायचे." हरेश्वर असल्या कामांना कुणाकडेही जायचा, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते बसून असता. काकांचा तो पिक्चर लावून देऊ का?" तिनं तो कुठूनतरी शोधून काढला होता. तोच मठ, तोच जुलमी सरदार. खाली अक्षरं येत होती, ती वाचून लेक मराठी करून सांगत होती. मी तिला थांबवत होतो, "मला पाठ आहे गं." पण पहिल्या दहा मिनिटांतच काहीतरी बिनसलं. गुरू विष घालून मारला गेला. तलवारीचा प्रश्नच नव्हता. दरबार होता, पण त्यात भांडण जमिनीचं. शिष्य कुणाविरुद्ध खोटं बोललाच नाही. मग ती बाई आली. हात जोडले. लेकीनं वाचलं, "ही खानावळवाली आहे. विचारतेय, घोड्याला चारा घालू का?" शिष्य मान खाली घालून म्हणाला, "घाल, पण आधी पाणी दे."

मी तो तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. पोरगी हसत होती. पन्नास माणसांनी वर्षानुवर्षं श्वास रोखून पाहिलेली शिपूची बायको पिक्चरमध्ये नव्हतीच. ती हरेश्वरनं घातली होती. ती आली कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींसमोर जाऊन बसलो. मी घोड्याची गोष्ट सांगितली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बोलल्या. "आमच्या लग्नाआधीचं हाय. मनोरच्या जगनदादांनी, सुमनकाकूंच्या मालकांनी, ह्यांना फिटरचं काम शिकवलं. हाताला धरून. ते टाकीवरून पडून गेले. कंपनीनं कागद केला की कमरेला बांधायचा पट्टा दिला होता, त्यांनीच बांधला नाय. पट्टा नव्हताच, भाऊजी. त्या कागदावर ह्यांची सही हाय. बावीस वर्षांचे होते, भ्याले. मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय नाय."

म्हणजे मी ज्याच्या गोष्टीनं पेन खाली ठेवलं, त्यानं स्वतः सही केली होती... आणि रविवारमागून रविवार तो आमच्यासमोर उभा राहून एका बाईला द्यायचं उत्तर घोकत होता. कुठलंच त्याला पुरेसं वाटत नव्हतं. ते तिच्यापर्यंत पोचलं का, एवढं कळल्याशिवाय मला घास उतरेना. पोचलं नसेल तर ते मी पोचवावं, असंही मनात आलं. मी मनोरची एसटी धरली.

सुमनकाकूंचं घर हायवेपासून आत, लहान, कौलारू. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मी शब्द जुळवत सुरुवात केली, "काकू, त्या कागदावर..."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "चवकशीला मी होते. वाचून दाखवला होता, नावासकट."

मी थक्क झालो. "मग त्याला घरात कसं येऊ दिलंत?"

"पयल्या वर्षी आला तवा कोयता घ्यावा असं वाटलं. पन तो काय बोललाच नाय. शिडी लावली आनि वर चढला. मी म्हटलं, उतरल्यावर बोलंल. उतरला, उभ्यानं पानी प्याला नि गेला. मंग दर वर्षी तेच. मी भात टाकून ठेवायची. एक डाव तोंडानं बोलला असता, तं बसवून जेवाय घातला असता."

"मी त्याच्या वतीनं..."

"तुमी नका बोलू. ते त्याचं होतं."

मला हरेश्वरचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी त्याला हलवून हलवून विचारलं असतं. दोन वाक्यं होती रे! पन्नास जणांपुढे शंभरदा बोललास, इथे शिडीवरून चार पायऱ्या उतरून बोलायला काय झालं होतं? मी छपराकडे बघितलं. कौलं सरळ ओळीत, एकही तिरकं नाही. एका फिटरनं बसवलेली.

"वर बसून काय तरी पुटपुटायचा," काकू म्हणाल्या. "मी खाली उभी राहून कान द्यायची. कौलांच्या आवाजात काय समजायचं नाय. तुमच्याजवल बोलला का कदी?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गाळा, काठी, शिपू, तलवार, हात जोडून उभी असलेली बाई, आणि दरवेळी बदलणारं उत्तर. आठवतील तेवढी उत्तरं जशीच्या तशी सांगितली.

"म्हंजे त्या पिक्चरमदी मी होते?"

"होतात, काकू."

"आनि पन्नास मानसं बगायची?"

"हो."

त्यांनी वर कौलांकडे बघितलं.

"मंग मला एक रविवार बोलवायचं होतं ना."