पिन मीच सांगितला होता

मंडळी, आज दुपारी मोबाइल बघितला तर खात्यातून चारशे ऐंशी रुपये गेलेले. माझ्या अकरा वर्षांच्या ओवीनं मला न विचारता रंगीत पेनांचा मोठा सेट आणला होता.

तिला घेऊन तणतणत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. "काकू, लहान पोरीला एवढं महागाचं दिलंत कसं?"

काकू म्हणाल्या, "रोज दूध, ब्रेड आणायला तुमीच तिला मोबाइल देऊन पाठवता की. आज तुमाला इचारलं न्हाय, हे मला कसं कळणार?"

तीन मजले उतरायचा कंटाळा म्हणून पिन मीच तिला सांगितला होता. काकूंची माफी मागितली.

ओवीनं रडवेल्या तोंडानं सेट परत दिला. म्हणाली, "बाबा, मोबाइलमधून पैसे जाताना दिसतच नाहीत."

घरी येऊन पिन बदलला. आजपासून दर रविवारी तिला पन्नास रुपये रोख, खर्च तिच्या मर्जीनं.

संध्याकाळी पहिली नोट घेऊन ती दुकानात गेली. अर्धा तास सगळं न्याहाळलं आणि एकच जांभळा पेन घेऊन हसत आली.

तुमच्या मुलांना तुमचा पिन माहीत आहे? सांगितला कुणी?