सिपाही गोविंदा लहानू, हाजर!

मुलांनो,

तुमच्या खापरपणजोबांच्या मिलिटरी पेन्शनचे कागद शाळेच्या प्रोजेक्टला हवेत आणि तुम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचणार, असं पत्रात वाचलं... म्हणून आजच लिहायला बसले. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. भूत हा शब्द मी तेव्हाही वापरत नव्हते, आजही वापरत नाही. जे झालं तेवढंच सांगते.

१९७४ साल. एकोडीला आपल्या घरामागच्या खळ्यात भरदुपारी बैलांनी धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू होती. मी घराण्याची वंशावळ जुळवत होते, म्हणून ते कागद घेऊन सावलीत बसले. त्यात खापरपणजोबांच्या अंगावरच्या जखमा लिहिल्या होत्या – भलत्याच माणसानं पेन्शन उचलू नये म्हणून.

"पेन्शन कचेरीतला बाबू पह्यले नाव पुकारे," सासूबाई सांगू लागल्या. "माहा सासरा 'हाजर' म्हने. मंग बाबू एकेक खूण वाचे, ह्यानं दाखवायची. जुळल्या का बाबू म्हने, 'जा.' घरी येऊन आमाले सोंग करून दाखवे."

बैल हाकत होते नाना, माझे धाकटे दीर. त्यांचं खरं नाव आजोबांचंच, गोविंदा. पण सासऱ्याचं नाव सुनेनं घेऊ नये, म्हणून सासूबाईंनी त्यांना पाळण्यापासूनच नाना केलं. त्या घरात ते नाव कुणी उच्चारतच नसे.

"वयनी, वाचा ना बाबूसारखं!" नाना ओरडले. "पाहू तं, सरकार मले पेन्शन देते का!"

"कायची पेन्शन? लढाई तं तू फक्त जेवणाच्या ताटाशी केली!" सासूबाई म्हणाल्या.

मी चष्मा सारखा केला, आवाज जाड केला. "सिपाही गोविंदा लहानू!"

"हाजर, साहेब!" कासरा डाव्या हाताला गुंडाळून नानांनी टाचा जुळवल्या.

"डावा हात. करंगळी आणि शेजारचं बोट नाही. उजवा गाल. कानापासून हनुवटीपर्यंत चीर."

मान वर केली तोवर आमचा म्हातारा, गरीब बैल उधळला होता. कासरा ताणला आणि नानांची दोन बोटं मुळापासून उपटून निघाली. ते हाताकडे बघत राहिले. बैल उलटा वळला. शिंग उजव्या कानाखाली शिरलं आणि गाल फाडत हनुवटीशी निघालं. फाटक्या गालातून दात दिसत होते. नाना धानाच्या तणसावर उताणे कोसळले. बैलानं शिंग त्यांच्या गळ्याला लावलं... आणि थांबला. दाबेना, हटेना.

माझ्या हातातल्या कागदावर तिसरी ओळ होती. गळ्याची.

सासूबाईंनी माझं तोंड दाबलं. "वाचू नोको! जा म्हन! बाबू म्हने तसं, जा म्हन त्याले!"

मी त्यांचा हात तोंडावरून ओढून काढला. मग किंचाळले, "जा!"

बैलानं मान उचलली. शिंगावरून रक्त ठिबकत होतं. तसाच गोठ्याकडे चालत गेला.

डॉक्टर म्हणाले, गोमाशी चावली असेल. असेलही... पण गोमाशीला डावं-उजवं कुणी शिकवलं?

टाके निघाल्यावर नाना घरी आले. त्यांचा चेहरा पाहताच सासूबाईंनी डोक्यावर पदर ओढला, सासऱ्यासमोर ओढत तसा. पोटच्या पोरासमोर त्या मरेपर्यंत तो ओढत राहिल्या.

याचा खुलासा मला अजून सापडलेला नाही. सोबत वंशावळ पाठवते, तीच वर्गात दाखवा. कागद पाठवत नाही. ते पेटीत आहेत. नाना अजून हयात आहेत, गळा धड आहे. तिसरी ओळ मोठ्यानं कुणी वाचलेली नाही.