भानुमतीबाईंचा खोकला

भानुमतीबाई शितोळ्यांना मुलं सांभाळता येत नाहीत, असा लेखी निकाल आमच्या लक्ष्मीकांत मुळ्ये सरांनी १९५३च्या मार्चमध्ये दिला. सरांना स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण बालमनावर त्यांची बारा व्याख्यानं होती. त्यामुळे त्यांच्या अधिकाराबद्दल कोणी शंका काढली नाही. मीही नाही.

पलासियाच्या अलीकडे, इंदूरच्या एका बालमंदिरात बाई चौदा वर्षं शिकवत होत्या. नवरा, संताजीराव, होळकरांच्या रिसाल्यात स्वार. ते गेले तेव्हा कुणा सरदाराच्या शब्दावर सातवी पास बाईंना ही जागा मिळाली. घरी दुसरं कोणी नव्हतं. पोटाला आणि जिवाला, दोन्हीला ती चाळीस पोरंच. मग संस्थान गेलं, मध्यभारत आलं आणि त्याच्यामागून फॉर्म आले. हुकूम निघाला की जिच्याकडे विद्यापीठाची पदविका नाही, तिला जूनपासून वर्गावर उभं करू नये. बाईंना खास सवलत म्हणून आमच्या शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात बसवलं. आम्ही पाच बी.ए. झालेल्या मुली आणि सहाव्या बाई.

पदविकेसाठी दीड महिना शाळेत प्रत्यक्ष काम करावं लागे. कॉलेजनं त्यासाठी नेमकं बाईंचंच बालमंदिर निवडलं. म्हणजे बाई स्वतःच्याच वर्गात उमेदवार! याचं हसू एकट्या मला आलं. बाईंना आलं नाही, सरांना तर कशाचंच येत नसे.

नियम असे: अंगावर निळ्या काठाची पांढरी गोल साडी हवी. हातात पाठाचं टाचण हवं. मुलाला रागवायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. सर मागच्या बाकावर बसून शेरे लिहिणार, आणि पाठ चालू असताना वर्गाच्या मूळ बाई बाहेर ओसरीवर बसणार.

पहिल्याच दिवशी माझा पाठ होता, विषय 'पोपट'. सहा मिनिटांत पोरांनी माझाच पोपट केला. दोघं टेबलाखाली शिरली, बेबी नावाची पाच वर्षांची ठमी माझ्या टाचणाची होडी करू लागली. तेवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. साधाच, घसा साफ केल्यासारखा. चाळीस पोरं मांडी घालून, हाताची घडी करून गप्प बसली. सरांनी मान डोलावून लिहिलं: वर्गनियंत्रण उत्तम.

नंतर ओसरीवर बाई म्हणाल्या, "घबराऊ नको, बेटा. तू आपली शिकव. मी बाहेर बसलीच आहे ना."

दीड महिना हाच कारभार चालला. आम्ही पाचही जणी बाईंच्या खोकल्यावर उत्तम ठरत गेलो. सरांना बिचाऱ्या बाईंच्या प्रकृतीची काळजी वाटायची. एकदा त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी आणून दिली. बाईंनी ती आम्हालाच वाटली.

शेवटचा पाठ बाईंचा. आम्ही चढाओढीनं त्यांची तयारी करून घेतली. टाचण मी लिहिलं आणि बजावलं, "बाई, यातला शब्द इकडचा तिकडे करू नका." जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाई पांढऱ्या गोल साडीत अवघडून उभ्या राहिल्या. मी ओसरीवर, त्यांच्या जागेवर बसले होते. खिडकीतून सगळं दिसत होतं.

बेबीनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "बाई, तुम्ही पण कॉलेजवाली झाल्या?"

"हो ग बेटा," बाई म्हणाल्या. त्या प्रामाणिक बाईनं दुसरं काय म्हणावं?

झालं! कॉलेजवालीच्या तासाला कसं वागायचं, हे त्या पोरांना दीड महिन्यात पक्कं ठाऊक झालं होतं. दोघं टेबलाखाली गेली. डबे वाजू लागले. बाई टाचणात बघून 'चिमणी काय खाते?' विचारत राहिल्या. शेवटी न राहवून त्या खोकल्या. पोरांनी आधी दाराकडे पाहिलं, दारात कोणीच नाही, मग पुन्हा दंगा सुरू केला. त्यांच्या लेखी खोकला बाहेरूनच यायचा. आतल्या खोकल्याला कोण विचारतो?

बाईंनी एकदा, फक्त एकदाच, खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी उठून आत गेले असते आणि म्हणाले असते, "सर, आमचं वर्गनियंत्रण म्हणजे ह्या बाई. दीड महिना त्याच वर्ग सांभाळताहेत," तर काम भागलं असतं. पण मग आम्हा पाचही जणींचे पाठ रद्द झाले असते, आणि मला पदविकेत पहिला वर्ग हवा होता. मी साडीचा काठ नीट करत बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

सरांनी लिहिलं: वर्गनियंत्रण शून्य. मुलांशी नाते प्रस्थापित करता आले नाही.

जूनमध्ये बाईंची जागा रिकामी झाली. पहिला वर्ग मिळवलेल्या उमेदवाराला ती मिळाली, म्हणजे मला. बाईंना बालमंदिराच्या कमिटीनं मोठ्या मनानं आया म्हणून ठेवून घेतलं. मुलांचे हातपाय धुवायचे, तांब्या भरायचा, ओसरीवर बसायचं. वर्गात यायचं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या नजरेला नजर न देता आत शिरले. पोपटाचंच चित्र काढलं होतं. पाच मिनिटांत दोघं टेबलाखाली, बेबीच्या हातात माझा खडू. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, काही उपयोग झाला नाही. हळूहळू सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

ओसरीवर बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मग खोकल्या.