सिद्धेशच्या गाडीचे टायर

तुळशीदास परबांनी जन्मभर अंधेरीच्या एका कंपनीत लिफ्ट चालवली. दुसरं काही चालवायच्या वाटेला ते कधी गेले नाहीत, सायकलच्यासुद्धा. मुलगा सिद्धेश मात्र पक्का गाडीवेडा. त्याने दोन दारांची सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यात सारखं काहीतरी बदलत बसला. टर्बो काय, सस्पेन्शन काय! नाहूरच्या सोसायटीत ती चालू झाली की पहिल्या मजल्यावरच्या चंपाताई खिडकीतून ओरडायच्या, "सिद्ध्या, उडव रे एकदाचं ते विमान!"

वैशाखात सिद्धेश गेला. गाडीने नव्हे, साध्या तापाने.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळे झाडावर नुसते बसून. सिद्धेशची आई सगुणाबाई म्हणाल्या, "झिला, रेवतीक आम्ही लेकीसारखी सांभाळतलो." एकही कावळा हलला नाही. मामाने आणखी कसलंसं वचन दिलं. तरी नाही. ऊन चढलं, भटजींची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा तुळशीदासांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "तुझ्या गाडयेक तुका होये होते तेच टायर मी बसयतंय रे." आणि कावळा शिवला.

बाकी सगळे रडले. तुळशीदास कोरडे. त्या दिवसापासून त्यांचं असंच चाललं होतं. ताटात पडेल ते खायचं, देवाची पूजा हातांच्या सवयीने करायची, कोणी काही विचारलं की "बरं" म्हणायचं. सहाणेवर गंध उगाळायला बसले की उगाळतच राहायचे. सगुणाबाई येऊन खोड काढून घ्यायच्या.

श्रावणात सून रेवतीने विषय काढला. "बाबा, गाडी उभी राहून खराब होतेय. मी ती विकणार नाही. मालाडला ऑफिसला मीच घेऊन जाणार. पण टायर पार गुळगुळीत झालेत."

"बरं," तुळशीदास म्हणाले.

सिद्धेशचा जिगरी दोस्त नितेश गाडी हळूहळू चालवत कुर्ल्याच्या टायरवाल्याकडे घेऊन गेला. तुळशीदास आणि रेवती मागून रिक्षाने पोचले. दुकानदार विशालने दोन टायर समोर आणून ठेवले.

"काका, हाच!" नितेशने पहिल्यावर थाप मारली. "सेमी-स्लिक. ट्रॅकवर पळवायची होती ना त्याला, डोकं खाल्लं होतं माझं ह्याच्यासाठी. रस्त्याला गोचिडीसारखा चिकटतो."

तुळशीदासांनी हात फिरवला. रबर मऊ, बोटाला चिकट लागणारं. खाचा नावापुरत्या.

"पावसात?" रेवतीने विचारलं.

"खरं सांगू, मॅडम?" विशाल म्हणाला. "पाण्याला निघायला यात जागाच नाही. साचलेल्या पाण्यात गाडी तरंगायला लागते. त्यात तुमचं इंजिन वाढवलेलं, सगळी ताकद मागच्या चाकांना. जरा जोरात पाय पडला की मागची बाजू फिरलीच समजा. कोरड्यात झकास, ओल्यात काही खरं नाही." त्याने दुसरा टायर पुढे केला. "हाही चांगली पकड धरतो. रबर किंचित कडक, पण खाचा बघा किती खोल. रोज रस्त्यावर न्यायची तर हा घ्या."

"यार, हा तर काका लोकांचा टायर!" नितेश पटकन बोलून गेला आणि तुळशीदासांकडे बघून ओशाळला. "म्हणजे... वहिनी जपून चालवतील ना. तुम्ही शब्द दिलाय, काका. सगळ्यांसमोर."

"मी जपून चालवेन, बाबा," रेवती म्हणाली. "त्याला हवे होते तेच बसवा."

तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले. खरं तर आता काहीतरी वाटायला हवं होतं. भीती, निदान रडू तरी. आत सगळं बधिर. त्यांची नजर रेवतीच्या पावलांवर गेली. रस्त्यावरच्या चिखलाने चपला माखल्या होत्या, अंगठ्याच्या नखावर पाण्याचा थेंब होता. हाच पाय त्या पेडलवर पडणार.

"हे बसवा," त्यांनी खोल खाचांच्या टायरवर बोट ठेवलं.

"काका, अहो पण—"

"हे."

नितेश बाहेर जाऊन उभा राहिला.

टायर चढले. विशालने चारी चाकांखाली लिंबं ठेवली. "नवीन रबर आधी घसरतं, मॅडम. थोडे दिवस सांभाळून." रेवती चालवायला बसली आणि तिच्या शेजारी तुळशीदास, मुलाच्या गाडीत पहिल्यांदाच. सीट इतकी खाली की रस्ता मांडीला लागतोय असं वाटावं. वाटेत पाणी साचलेलं होतं. गाडी त्यातून सरळ निघाली. ते त्यांच्या ध्यानात आलं. बरं मात्र वाटलं नाही.

सगुणाबाई दारातच उभ्या. "तेका होये होते तेच मां?"

"होय."

"सुटलो माझो झील!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि देवापुढे निरांजन लावायला धावल्या.

तुळशीदास मोरीत पाय धूत होते. रेवती टॉवेल घेऊन मागे आली. आवाज दाबून म्हणाली, "बाबा, आईंना खोटं सांगितलंत. आणि त्याला दिलेला शब्द?"

त्यांनी पाय पुसले, टॉवेल नीट घडी करून तिच्या हातात दिला.

"त्याचं मी बघतो. तू पाण्यात जोरात पाय देऊ नकोस."